मॅडम, ब्रेक सोडा

मी गाडी चालवायला शिकवते. खरं सांगायचं तर मी गाडी थांबवायला शिकवते. पळवायची हौस लोक घरूनच घेऊन येतात. माझ्या शिकवणीच्या गाडीत बाजूच्या सीटपुढेही एक ब्रेक आहे. इतकी वर्षं तो दाबून दाबून माझी उजवी पोटरी डावीपेक्षा जाड झालीय, असं माझा नवरा म्हणतो. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे, त्यामुळे त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

सगळं सुरू झालं ते जेवणाच्या टेबलावर. माझा धाकटा दीर घरांच्या फरश्या विकतो आणि वर्षातून एकदा त्याला नवा छंद जडतो. आधी पोहणं झालं, मग दुर्बिणीतून तारे बघणं झालं, मग घरी साबण करणं झालं. त्या रात्री तो जेवायला आला तो हेल्मेट घेऊनच, आणि ते त्याने सरळ टेबलावर, वाट्यांच्या मधोमध ठेवलं.

"हे भांडं कुणाचं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, भांडं नाही ते. मी कार्टिंग क्लबात नाव घातलंय. छोट्या गाड्या असतात, जमिनीला टेकलेल्या. शर्यत लावतात." मग माझ्याकडे बघून भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काय सांगू! काय कौशल्य लागतं!"

आता, गाडीच्या बाबतीत मला कुणी 'काय सांगू' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "कसलं कौशल्य, भाऊजी? गोल गोल तर फिरायचं. समोरून कुणी येत नाही, मध्ये कुणी रस्ता ओलांडत नाही, सिग्नल नाही की चढ नाही. माझे पहिल्या आठवड्यातले विद्यार्थीसुद्धा चालवतील."

"मग या की रविवारी. नवख्यांना फिरवून बघायला देतात."

माझ्याकडे रविवारसाठी निदान चार सबबी तयार होत्या. पण तेवढ्यात नवरा काकडीची चकती उचलत अगदी सहज म्हणाला, "ती नाही यायची रे. घाबरेल ती."

"मी कुठे नाही म्हटलं?" मी म्हटलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण टाळ्याला लागलेली जीभ परत खाली घेता येत नाही, निदान सासूबाईंसमोर तरी नाही.

क्लब गावाबाहेर होता, बंद पडलेल्या गोदामांच्या मागे. एक पत्र्याची शेड, एका जुन्या कंटेनरमध्ये थाटलेलं ऑफिस, आणि तारेच्या कुंपणापलीकडे नागमोडी काळा रस्ता, कडेने टायरांची भिंत. पेट्रोलचा आणि जळक्या रबराचा वास. मी घरून इस्त्रीचा शर्ट आणि कामावरचे चांगले बूट घालून गेले होते. तिथे सगळे असे दिसत होते जणू आताच गाडीखालून बाहेर आलेत.

क्लबचे चिटणीस निवृत्त दंतवैद्य होते. सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणत. जुनी सवय त्यांची सुटली नव्हती. माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवताना ते म्हणाले, "मान सैल सोडा. थोडं दाबल्यासारखं होईल. सहन होईना झालं तर हात वर करा."

मग त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं. शर्यतीत सगळ्यांचं वजन सारखं धरावं लागतं म्हणून हलक्या माणसांच्या सीटला शिशाच्या पट्ट्या बांधतात. माझा आकडा बघून डॉक्टर खूष झाले. "बाई, तुम्हाला पट्टी लागणारच नाही!" आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या वजनाचं कुणी कौतुक केलं. बाकीचे शिसं लावून घेत होते, मी माझं घरूनच आणलं होतं.

गाडीत उतरणं हाही एक सोहळाच होता. ती सीट म्हणजे बादली होती, आणि मी बादलीत बसायच्या मापाची नव्हते. दोघांनी खांदे दाबले तेव्हा मी 'टच्' आवाज करून आत गेले. बसल्या बसल्या मी सवयीने उजवा हात मागे नेला.

"पट्टा कुठाय?"

"नसतो," डॉक्टर म्हणाले.

"नसतो म्हणजे? आणि आरसे?"

"तेही नसतात. उजवा पाय ॲक्सिलरेटर, डावा पाय ब्रेक. दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. चला, शुभेच्छा."

त्यांनी मला ढकलूनच दिलं.

पहिली फेरी मी कशी चालवली ते मी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काहीच घडलं नाही. कुंपणाजवळून एक बाई बाळाची गाडी ढकलत चालली होती, ती माझ्या पुढे निघून गेली एवढंच. दुसऱ्या फेरीत डावीकडचं वळण आलं आणि मी शिस्तीत हात वर करून डावीकडे वळत असल्याची खूण केली. तिथे हात वर करणं म्हणजे 'माझी गाडी बिघडलीय, सांभाळा' असा अर्थ होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लगेच पिवळी निशाणं फडकली, सगळ्या गाड्यांचा वेग उतरला, आणि पाना खिशात खोचलेला मेकॅनिक माझ्याकडे धावत आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते नेमकं हेच असावं.

"काय झालं?" तो ओरडला.

"वळतेय!" मी ओरडले.

त्याने मला पुढे जायची खूण केली. त्याचा चेहरा मला हेल्मेटमधूनसुद्धा नीट दिसला.

तिसऱ्या फेरीत कुणीतरी माझ्या अगदी कानाजवळून गेलं आणि माझी भंबेरी उडाली. घाबरले की माझा उजवा पाय खाली जातो. इतक्या वर्षांची पोटरी आहे ती. ह्या गाडीत मात्र उजव्या पायाखाली ब्रेक नव्हता. गाडीने अशी उसळी घेतली की माझं पोट मागेच राहिलं. समोर लांबलचक उजवं वळण होतं. मी सुकाणू धरून बसले, डोळे मिटायचेही राहून गेले, आणि गाडी त्या वळणातून सरळ रेघ ओढल्यासारखी निघाली. मागची चाकं जराशी घसरली, पुन्हा पकडली. काही क्षण सगळा आवाजच बंद झाल्यासारखा वाटला. माझ्या तोंडून जे निघालं ती किंकाळी नव्हती. मी हसत होते.

मग टायरांची भिंत आली.

मला बादलीतून काढायला तिघे लागले. त्यातल्या एकीने हेल्मेट काढलं आणि ती म्हणाली, "मॅडम! ओळखलंत?"

ओळखलं म्हणजे काय! ही फुलांचं दुकान चालवणारी माझी जुनी विद्यार्थिनी. प्रत्येक चौकात हिची गाडी बंद पडायची आणि मागचे हॉर्न वाजायला लागले की हिच्या डोळ्यांत पाणी यायचं. परवाना मिळाला त्या दिवशी मी सुटकेचा नि:श्वास टाकला होता.

"तू इथे काय करतेस?"

"ह्या क्लबची विजेती आहे ही," डॉक्टर म्हणाले. "सलग दोन वर्षं."

मी भिंतीतून सुटलेल्या एका टायरवर बसले. "कसं काय जमलं गं तुला?"

ती जरा संकोचली. "खरं सांगू का मॅडम? तुमची गाडी मी कधी चालवलीच नाही. मी पाय हलवायच्या आत तुम्हीच ब्रेक दाबायचात. मग म्हटलं, जिथे बाजूला कुणाला बसताच येत नाही अशी गाडी बघू."

सोमवारी माझ्या बरगड्या ठणकत होत्या, तळहातांना फोड आले होते आणि मान कुठल्याच बाजूला वळत नव्हती. विद्यार्थ्यांना मी रोज सांगते, लेन बदलायच्या आधी खांद्यावरून मागे बघा. त्या दिवशी ते करून दाखवताना मी कमरेपासून अख्खी वळत होते, कपाट सरकवावं तशी. एका विद्यार्थ्याने काळजीने विचारलं, "मॅडम, पडलात का कुठे?" मी म्हटलं, "घरी जिन्यावरून." जिना आमच्या घरात नाही.

घरी भाऊजींचा फोन येऊन गेलाच होता. नवऱ्याने पाठीला मलम चोळताना एवढंच विचारलं, "संपलं ना आता?"

"संपलं," मी म्हटलं. "कशाला कोण झक मारायला जातंय परत तिथे?"

पण ते उजवं वळण काही डोक्यातून जाईना. भाजी चिरताना, दात घासताना, चौकात उभी असताना ते मला दिसायचं. पुढच्या शनिवारी मी नवऱ्याला म्हटलं, "क्लबचे हातमोजे राहिलेत माझ्याकडे. देऊन येते."

"हातमोजे द्यायला बरगड्यांचं चिलखत कशाला लागतं?" त्याने माझ्या पिशवीकडे बघत विचारलं. मघाशी म्हटलं ना, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

मी रीतसर सभासद झाले आणि फुलवालीने मला शिकवायला घेतलं. काळाने असा सूड उगवावा, आणि तोही इतक्या गोड आवाजात! ती कुंपणाला लटकून प्रत्येक वळणावर ओरडायची, "मॅडम, ब्रेक सोडा! सोडा हो तो ब्रेक!" आता उजवा पाय ताब्यात आला होता, पण डाव्याने त्याची गादी चालवायला घेतली होती. मी ब्रेकवर पाय ठेवूनच सरळ रस्त्यानेसुद्धा जात असे. एकदा ब्रेकमधून धूर निघाला. मेकॅनिक म्हणाला, "इतकी वर्षं इथे आहे, पण असा धूर शर्यत संपायला आल्यावर बघितलाय, फिरवून बघताना नाही."

"समोरच्याची चूक दिसली की माझा पाय जातो," मी म्हटलं.

"पण समोर कुणीच नव्हतं," तो म्हणाला.

सगळ्यात कठीण गेलं ते दुसऱ्याची गाडी ओलांडणं. मी लोकांना आयुष्यभर सांगत आले, पुढच्याला घाई असेल तर जाऊ दे, मागच्याला असेल तरी जाऊ दे. इथे कुणाच्या शेजारी गाडी घातली की मला अपराधी वाटायचं. एकदा एका माणसाला ओलांडून झाल्यावर मी मागे वळून "माफ करा हं!" म्हटलं, आणि तो मला परत ओलांडून गेला.

तरीही मी सुधारत होते. म्हणजे शेवटच्या नंबरावरून शेवटून दुसऱ्यावर आले होते, आणि शेवटचा आजारातून उठलेला होता. अशा तयारीत नवख्यांची शर्यत येऊन ठेपली.

त्या दिवशी घरचे सगळे आले. सासूबाई घडीची खुर्ची, छत्री आणि स्वेटर घेऊन आल्या आणि कुंपणाजवळची सर्वांत चांगली जागा धरून बसल्या. आम्ही सगळे हेल्मेटमध्ये सारखेच दिसत असल्याने त्यांनी एका लाल गाडीला पसंत केलं आणि शेवटपर्यंत तिलाच "शाब्बास सूनबाई!" म्हणत राहिल्या. माझी गाडी पिवळी होती.

भाऊजी मधल्या रांगेत होते, मी सर्वांच्या मागे. दिवा हिरवा झाला आणि सगळे एकमेकांच्या अंगावर पडत पहिल्या वळणाकडे सुटले. त्या वळणाला क्लबात पिन म्हणतात, कारण ते केसाच्या पिनेसारखं एकदम उलटं फिरतं. मी मागून बघत होते. घाबरलेला माणूस मला पाठीवरून ओळखता येतो. खांदे कानांपर्यंत चढतात. पुढे तसे तीन जोड खांदे दिसले आणि मी भरपूर आधी, अगदी पुस्तकात लिहितात तसा, ब्रेक दाबला. पुढच्या क्षणी पिनेवर धडाधड गाड्या एकमेकींत अडकल्या. त्यात भाऊजीही होते, उलट्या दिशेला तोंड करून बसलेले. मी त्या ढिगाऱ्याच्या कडेने हळूच निघाले.

पुढच्या फेरीला डॉक्टरांनी कुंपणावरून बोटं दाखवली. तीन. मला वाटलं तीन फेऱ्या राहिल्या. फुलवाली जिवाच्या आकांताने ओरडत होती, "तिसऱ्या! मॅडम, तुम्ही तिसऱ्या आहात!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेवटून पहिलं असण्यात एक शांती असते, मागून कुणी येत नाही. आता मागे अख्खी फौज होती. पण मी चालवली. डावा पाय मी जमिनीला खिळल्यासारखा बाजूला धरून ठेवला, उजवं वळण पूर्ण वेगात घेतलं, पिन नीट घेतली. फेऱ्यांमागून फेऱ्या गेल्या आणि मी तिसरीच होते. शेवटची फेरी लागली. माझ्या पुढे एक फार हळू गाडी होती. आणि वळणावर उभ्या माणसाने निळं निशाण हलवायला सुरुवात केली.

निळं निशाण म्हणजे, तुमच्यामागे तुमच्यापेक्षा वेगवान गाडी आहे, तिला वाट द्या. निशाण दिसलं की पाळायचं, वाद घालायचा नाही, हे मी स्वतः शेकडो लोकांना शिकवलंय. मी शिस्तीत गाडी कडेला घेतली, वेग कमी केला, आणि हाताने 'या, या' अशी खूणही केली. भाऊजी सावरून मागून येत होते, ते गेले. त्यांच्यामागचा गेला. त्याच्यामागची लाल गाडी गेली. आणखी एक गेला; त्याने जाताना मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं, मला वाटलं आभार मानतोय.

ते निशाण माझ्यासाठी नव्हतं. ते माझ्या पुढच्या, एक फेरी मागे पडलेल्या हळू गाडीसाठी होतं. वेगवान गाडी म्हणजे मी होते.

मी सातवी आले. बाहेर पडले तर सासूबाई कौतुकाने म्हणत होत्या, "ती पिवळी गाडीवाली किती समजूतदार होती गं! सगळ्यांना वाट दिली तिने. आणि तू? कशी घुसलीस!"

भाऊजी तिसरे आले होते. ते हातात छोटा करंडक घेऊन माझ्याकडे आले, पण माझा चेहरा बघून त्यांनी तो पाठीमागे घेतला. मी कंटेनरच्या मागे गेले, जिथे रिकामे डबे आणि फाटके टायर ठेवतात, आणि हेल्मेट घालूनच रडले. हेल्मेट घालून रडू नये. काच आतून धुरकटते, नाक पुसता येत नाही आणि स्वतःच्या हुंदक्यांचा आवाज चौपट होऊन कानात येतो.

नवरा मला शोधत आला. "लागलं का कुठे?"

मी मान हलवली.

"मग?"

"मला तिसरं यायचं होतं," मी म्हटलं. आतून ते कसं ऐकू गेलं कोण जाणे. एवढ्या वयाची बाई, आणि आवाज शाळेच्या स्नेहसंमेलनात भूमिका हुकल्यासारखा. माझं मलाच नवल वाटलं. जिंकायची इच्छा हा दुसऱ्यांचा आजार आहे असं मी समजत होते.

तो हसला नाही. त्याने माझ्या हेल्मेटची काच वर केली, खिशातून चष्मे पुसायचं मऊ फडकं काढलं, काच आतून-बाहेरून नीट पुसली, उजेडाकडे धरून तपासल्यासारखं वाकून बघितलं आणि परत खाली केली. "मग पुढच्या वेळी ये," तो म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी मला ऑफिसात बोलावलं. "बाई, तुमच्यासारखी नियम पाळणारी व्यक्ती क्लबात दुसरी नाही. तुम्ही निशाणं दाखवायचं काम का नाही घेत? मोठ्या जबाबदारीचं काम आहे."

दात काढायचाय हे सांगायची त्यांची हीच पद्धत असणार, हे माझ्या लक्षात आलं. मला ट्रॅकवरून उपटून कुंपणाबाहेर लावायचा बेत होता. मी म्हटलं, "डॉक्टर, सकाळी मी निशाणं दाखवीन. दुपारी मी पळणार."

सकाळचं काम मी एकच दिवस केलं. चूक माझी नव्हती, डोळ्यांची होती. मला सगळीकडे धोका दिसतो. एकाचं चाक जरा घसरलं, मी पिवळं निशाण दाखवलं. दोघे फार जवळून गेले, पुन्हा पिवळं. गवतात मांजर बसलं होतं, ते उठून येईल असं वाटलं म्हणून पिवळं. पिवळं असताना कुणी कुणाला ओलांडायचं नसतं, त्यामुळे ती शर्यत ज्या क्रमाने सुरू झाली त्याच क्रमाने, शाळेच्या सहलीसारखी, संपली. उतरल्यावर सगळे पळणारे डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर माझ्याकडे आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्ही पळाच."

मोसमाच्या शेवटी क्लबात जोडीची शर्यत असते. गाडी एक, चालवणारे दोन; अर्ध्यात उतरून दुसऱ्याने बसायचं. जोड्या अशा लावतात की सर्वांत वेगवान आणि सर्वांत हळू एकत्र यावेत. फुलवालीची जोडीदार कोण हे वेगळं सांगायला नको. ती बिचारी यादी बघून हसली, आणि मग तिने ती पुन्हा एकदा खालून वर वाचली.

आधी ती चालवणार होती. तिने जे चालवलं ते बघत राहावं असं होतं. बाकीच्या गाड्या जणू रस्ता विचारायला थांबल्या होत्या. ती पहिल्या नंबरावर आत आली, उडी मारून उतरली, मला बादलीत कोंबलं आणि कानात ओरडली, "काही करू नका मॅडम! नुसत्या चालवा!"

मी नुसती चालवली. पहिल्याची मी दुसरी झाले, दुसरीची तिसरी, मग चौथी. प्रत्येक वेळी कुंपणावर फुलवालीचं डोकं जरा खाली गेलेलं दिसायचं. मग मागून ओळखीचं निळं हेल्मेट आलं. भाऊजी. सरळ रस्त्याच्या शेवटी ते मला ओलांडून गेले आणि जाताना त्यांनी हात हलवला.

त्या हाताने घात केला. मी त्यांच्या मागे लागले. ते पिनेवर आधी बाहेर जातात, मोठा वळसा घेतात. घरी गाडी लावतानाही तसाच अख्खा रस्ता अडवतात. आतली बाजू मोकळी राहते. मला ती दिसली. डावा पाय ब्रेककडे निघाला होता, मी त्याला तिथेच ठेवला, आणि शेवटच्या क्षणी दाबून आत घुसले. आम्ही शेजारी शेजारी होतो. चाकाला चाक घासलं. त्यांच्या हेल्मेटमधले डोळे मला दिसले, इतके गोल मी ते कधी पाहिले नव्हते. मी हटले नाही. मी माफीही मागितली नाही. पिनेतून बाहेर पडले ती पुढे.

मी हेल्मेटमध्ये जी आरोळी ठोकली ती म्हणे कुंपणापर्यंत ऐकू आली. आरोळी लांबली. पुढचं वळण मात्र ठरलेल्या वेळीच आलं. आरोळी ठोकता ठोकता मी गाडी गवतात घातली आणि दोन गिरक्या घेतल्या. थांबले तेव्हा भाऊजी पुढे निघून जात होते, आणखी एक गाडी त्यांच्यामागे.

मी हेल्मेटच्या काचेवरचं गवत झटकलं आणि परत रस्त्यावर आले. शेवटी आम्ही सहाव्या.

फुलवाली शेडपाशी उभी होती. तिने ह्याआधी तिसऱ्याच्या खाली नंबर बघितलेला नव्हता. ती म्हणाली, "मॅडम, मला तुमचा फार राग आलाय. थोडा वेळ माझ्याशी बोलू नका."

आम्ही दोघींनी गाडी शेडमध्ये ढकलत नेली, चाकांत अडकलेलं गवत काढायला बसलो. तिने एक मूठभर गवत उपटलं, दुसरं उपटलं. मग अचानक तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं चौकातल्यासारखी रडतेय.

"पिनेवर काय घुसलात हो!" ती हसत म्हणाली. "मी तिथे घुसायला धजले नसते."

"मीही धजले नव्हते," मी म्हटलं. "पाय धजला."

तेवढ्यात भाऊजी आले. "वहिनी, मी तुम्हाला जागा दिली होती बरं का," असं म्हणता म्हणता ते स्वतःच थांबले, आणि गुडघ्यावर बसून चाकांतलं गवत काढायला लागले. "छे, नव्हती दिली," ते म्हणाले.

बाहेर काहीतरी गडबड झाली म्हणून आम्ही उठून बघितलं. सासूबाई घडीची खुर्ची सोडून एका रिकाम्या गाडीपाशी गेल्या होत्या, बसून तर बघू म्हणून आत उतरल्या होत्या, आणि आता त्यांना उठता येत नव्हतं. नवरा एका बाजूने, मेकॅनिक दुसऱ्या बाजूने हात धरून उभे होते.

"आई, तीन म्हटलं की उठायचं," नवरा म्हणाला.

"कशाला ओढताय मला?" सासूबाईंनी दोघांचे हात झटकले आणि सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "बरी आहे की ही. पाय लांब करता येतात." मग त्यांनी आधी एक पाय पुढे दाबून बघितला, मग दुसरा. "ह्यातला पुढे जायचा कुठला?"

डॉक्टर घाईघाईने गाडीच्या मागे गेले आणि त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला.